आठवी पत्री

माहं दुकान धड आत नव्हतं अन् धड बाहेरही नव्हतं. अमरावतीच्या परकोटाचा जो दरवाजा बाजाराकडे उघडते, त्याच्या कमानीले लागून माह्या बापानं छपरी टाकली होती. सकाळी तिच्यावर भिंतीची सावली, दुपारी कडूनिंबाची. तिथं आमी बैलाले पत्री मारायचो. बैलाचा खूर दुभंगलेला असते, त्याले घोड्यासारखा सलग नाल चालत नाही. एका पायाले दोन पातळ लोखंडी पत्र्या, म्हणजे एका बैलाले आठ. एवढं ध्यानात ठेवा, काहून की माह्या साऱ्या जन्माचा घोळ त्या आठातल्या एकीनं केला.

दरवाज्यात बसलेल्या माणसावर कोणी भरोसा ठेवत नाही. परकोटाच्या आतला म्हणायचा, हा नालबंद बाहेरच्यांचा. बाहेरचा म्हणायचा, हा आतल्यांचा. अन् मीही काही गरीब गाय नव्हतो. मले दोघंही लबाड वाटत. दूधवाल्याले एक दिवस उशीर झाला तर तो कोणाच्या ओट्यावर थांबला होता हे विचारल्याबिगर मी लोटा पुढं करत नव्हतो. बायको म्हणायची, "अवो, तुमी आपल्या सावलीलेई विचारसान, तू कोनाच्या बाजूची!" मी म्हणायचो, विचारलेलं बरं असते.

आतल्या-बाहेरच्यांचं वैर होतं शंकरपटाचं. हलक्या छकड्याले दोन बैल जुपायचे, वर एक माणूस उभा, शेजारी दुसऱ्या गावची नाही तर दुसऱ्या पेठेची जोडी, अन् सरळ पट्टीवर जीव तोडून पळवायचं. पहिले हे पौषातलं चार दिवसांचं कौतुक होतं. ज्याचे बैल तोच हाकायचा, हरला तर बैलाले शिव्या घालून घरी जायचा अन् जेवायचा. मग कापसाचं वेड आलं. समुद्रापलीकडे कोणाची तरी लढाई लागली होती म्हणे, अन् तिच्यापायी आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाले सोन्याचा भाव आला. कोण कोणाशी लढून राहिलं हे आमाले शेवटपर्यंत समजलं नाही, पण परकोटाबाहेर रातोरात बाजार वाढला, अडते आले, गाड्यांचे तळ पडले. आतले जुने शेतीवाले म्हणत, हे उपरे. बाहेरचे म्हणत, हे भिंतीआडचे उंदीर. अन् दोघांच्याही हाती पैसा, मग तो जाईन कुठं? पटात गेला.

आता मालक छकड्यावर उभा राहत नव्हता. त्यानं पगारी माणूस ठेवला. त्याले धुरकरी म्हणतात. वर्षाची जवारी, दोन धोतरजोड्या, रोजचं दूध, जिंकला तर चांदीचं कडं. आतल्यांच्या जोडीच्या शिंगाले लाल गोंडे, बाहेरच्यांच्या जोडीले पिवळे. अन् गाव असं फाटलं की आतल्या बाया बाहेरच्या माळणीपाशी वांगी घेईनात. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की बाहेरचे ओरडत, "आतल्यांचा बैल बसला दारी, पेंड खाऊन ढुंगण भारी!" आतले म्हणत, "बाहेरच्यांचा बैल पळते कसा, मांगं लागला कुत्रा जसा!" मग सारे मिळून हर हर महादेव करत, अन् त्यातही कोणाचा आवाज मोठा हे दोघं पाहत.

पट जवळ आला की गोठ्यावर पहारे बसत. पेंड आधी बोकडाले खाऊ घालून पाहत, बोकड जिता राहिला तर बैलाले देत. विहिरीवर माणूस बसवत. कोणी अनोळखी माणूस बैलाले "काय देखणा हाय!" म्हणाला तर त्याच्यामागं माणूस लावत. तुमी म्हणसान, हे येडे होते. अहो, मी तर माह्या छपरीतल्या कोळशालेही संशयानं पाहत होतो.

माहा साळा बाहेरच्यांचा धुरकरी होता. माही सासू वारली तेव्हा तो आमच्यापाशी राहायले आला. अंगानं सडपातळ, हसरा, वीस-बावीसचा जवान. मी पत्री मारतांनी बैलाले दोरानं पाडून चारही पाय बांधावे लागतात, अन् एक माणूस मानेपाशी बसावा लागते. तो बसायचा. बैलाच्या कानाशी असं काही पुटपुटायचा की मारकुटा बैलही गुमान पडून राहायचा. छकड्यावर उभा राहिला तरी हातात टोचायची पराणी घेत नव्हता, निस्ती जिभेची चकचक. बाहेरच्या मालकानं एक दिवस हे पाहिलं अन् त्याले वर्षावर ठेवून घेतलं. राहायले तो तिकडे गेला, पण बाजाराच्या दिवशी जेवण बहिणीच्या हातचं, अन् मधल्या दिवशीही इकडे आला की माही भाकर घरून तोच आणून द्यायचा. "भाऊजी, आज काय भाजी?" हे त्याचं छपरीत शिरायचं वाक्य होतं.

मले तो आवडत होता. हे मी आज सांगतो, तेव्हा त्याले कधी सांगितलं नाही. उलट म्हणायचो, "बे, मांगच्या गल्लीनं येत जा. आतल्यांनं पाहिलं तं म्हनतीन, नालबंद धुरकऱ्याले पोसते." तो हसायचा अन् पुढच्याच रस्त्यानं यायचा.

त्या वर्षी पटाच्या आठ दिवस आधी आतल्यांचा उजव्या अंगाचा बैल माह्याकडे आला. पांढरा, गौळाऊ जातीचा, मानेले कांबीसारखा ताठ. त्याच्यासोबत त्याचा गडी, साऱ्या गावात ज्याले नुसतं बुढा म्हणत. बायको-पोरं नव्हती त्याले, बैल होता. हा बुढा माह्यावर पहारा करायले आला होता अन् लपवतही नव्हता. "खिळे दाखव," म्हणाला. मी दाखवले. त्यानं एकेक खिळा पाण्यात बुडवला, डोळ्याजवळ नेला, जिभेले लावला.

"बुढेबाबा, मीठ घालून देऊ काय?" मी म्हणलो.

"तू आपलं काम कर," तो म्हणाला. "तुहा साळा कोनाचा धुरकरी हाय हे मले मालूम हाय."

उतरलेल्या जुन्या पत्र्या मालकाले परत द्यायच्या, ही आमची रीत. पटाच्या बैलाची पत्री तर जिवापाड जपत. बैल जिंकला तर ती दाराच्या चौकटीवर ठोकत. अन् वैऱ्याच्या हाती पडली तर? ज्याच्या हाती उतरलेली पत्री, त्याच्या हाती बैलाचा पाय, असं मानत. करणी करते म्हणे तिच्यावर. मी मानत होतो का? धंदा करणाऱ्याले गिऱ्हाइक जे मानते ते मानावंच लागते.

दुपारी साळा जेवणाचं फडकं घेऊन आला. बहिणीनं धाडलं होतं, भाकर अन् ठेचा. मी तिसऱ्या पायाले बसलो होतो. त्यानं फडकं खुंटीले अडकवलं, ते खाली पडलं, त्यानं वाकून उचललं. मग बैलाच्या मानेवर हात फिरवायले गेला तसा बुढा कडाडला, "हात नोको लावू!" साळा म्हणाला, "अरे बाप्पा, मी काय वाघ हाय?" अन् हसत निघून गेला. एवढंच. मी जुन्या पत्र्या सांडशीनं उपटून मडक्यात टाकल्या होत्या. बुढ्यानं त्या धोतराच्या सोग्यात बांधल्या अन् बैल घेऊन गेला.

दिवस कलायच्या आधी आतला मालक स्वतः छपरीत उभा. मोठा माणूस, चार गावांत जमीन, माह्या बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाइक. त्यानं पत्र्या बांधलेलं उपरणं सोडून माह्यापुढं धरलं.

"आठ उपटल्या, सात आल्या. आठवी कोनाच्या घरी गेली?"

मी राखेत हात घातला, पाण्याची कुंडी उपसली, कोळशाचा ढीग पसरला, कडूनिंबाखालचा पाला झाडला. नाही. मालकाची नजर खुंटीवर गेली. मग हळूच म्हणाला, "जेवन घेऊन कोन आलतं?"

बस, त्या एका सवालावर मीही खुंटीकडे पाहिलं. साळा वाकला होता. काहून वाकला? फडकं पडलं म्हणून. फडकं काहून पडलं? दोन सालं त्या खुंटीवरून कधी पडलं नाही, आजच पडलं? संशयाचं असंच असते, एकदा धागा सापडला की माणूस स्वतःच कातत बसते. घरी गेलो तोवर मले त्याच्या मुठीत पत्री दिसूनही राहिली होती.

बायकोले म्हणलो, "तुह्या भावानं नेली."

"नाई नेली."

"तुले काय मालूम?"

"मले मालूम हाय."

"भावाची बाजू घेते?"

तिनं हातातलं उलथनं चुलीपाशी आदळलं. "बाजू! तुमाले माणूस दिसतच नाई काय हो? बाजूच दिसते फक्त!"

मी जेवलो नाही. त्या रागाचीही मले तेव्हा घमेंड होती.

दुसऱ्या दिवशी बाजार. दरवाज्यात ही गर्दी. आतला मालक चार माणसं घेऊन छपरीच्या तोंडाशी उभा, अन् तेवढ्यात तो आला. डोक्यावर बाहेरच्यांचा पिवळा फेटा. "भाऊजी, आज काय भाजी?"

मी हातोडी ऐरणीवर आपटली. आवाज इतका झाला की बाजारातल्या बाया वळल्या. आमच्यात मानतात, ऐरणीवर हात ठेवून खोटं बोलला त्याचा हात झडते.

"इथं हात ठेव," मी म्हणलो. "अन् म्हन, पत्री म्या नाई नेली."

त्याले पहिले थट्टाच वाटली. मग त्यानं मालकाकडे पाहिलं, मग माह्याकडे. "हे तुमी म्हनून राहिले, का हे मालक तुमच्या तोंडून म्हनवून राहिले?"

"मी म्हनून राहिलो."

"मंग नाई ठेवत."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "कर नाई त्याले डर कायची! ठेव ना बे हात!" दुसरा म्हणाला, "चोराच्या मनात चांदनं!" मालक नुसता मान हलवत होता, जशी काही गोष्ट सिद्धच झाली.

"डर नाई," साळा म्हणाला. त्याचा आवाज बैलाशी बोलतांनी असते तसा झाला होता, हळू. "पन भाऊजी, ह्याच छपरीत म्या तुमच्यासाठी बैल धरले. एकाही बैलानं तुमाले लात मारली काय? तवा कोनती शपथ घेतली होती म्या? तवा तं तुमी डोये झाकून खुरापाशी बसत होते."

मी तेव्हा थांबायले पाहिजे होतं. देवाची आण, माह्या मनात एक क्षण आलंही. पण समोर मालक, मागं बाजार, अन् मी दरवाज्यातला माणूस. मले सिद्ध करायचं होतं की मी कोणाच्या बाजूचा नाही. "उगा जिभेले हाड नसल्यासारखं बोलू नोको," मी म्हणलो. "हात ठेव नाई तं चालता हो."

त्यानं पिवळा फेटा काढला, झटकला, पुन्हा बांधला. अन् बाजाराच्या अंगानं निघून गेला. खुंटीवर भाकरीचं फडकं तसंच होतं.

चौथ्या दिवशी पहाटे आतल्या मालकाचा माणूस धावत आला. पांढरा बैल उजवा पाय टेकून नाही राहिला. मी सांडशी घेऊन गेलो. खुराच्या बेचक्यात खिळा रुतला होता, मुळापर्यंत. मी तो उपटला, रक्त आलं, हळद अन् गोडं तेल लावलं. मग खिळा पुसून उजेडात धरला. डोकं चौकोनी, एका अंगानं उतरतं. असा खिळा साऱ्या वऱ्हाडात मी एकटा घडवत होतो. अन् नवा नव्हता; डोकं झिजलेलं, जुन्या पत्रीतला.

मुठीत लपवावा असं वाटलं, खोटं काहून बोलू. पण बुढा शेजारीच बसला होता, त्यानं पाहिला. त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. मी समजलो, बैलाच्या मायेनं.

मग काय विचारता! आठवी पत्री साळ्यानं चोरली, तिचा खिळा काढून गोठ्यात टाकला. शपथ काहून घेतली नाही हेही उलगडलं. सारं कसं चोख बसलं. मीही मानलं. बाहेरच्यांच्या मालकाले तर खूश व्हायले पाहिजे होतं ना? वैऱ्याचा बैल लंगडा झाला, सुंठीवाचून खोकला गेला. पण तो पडला अडत्या. त्यानं हिशेब केला: जो माणूस त्यांच्या गोठ्यात खिळा टाकते तो उद्या माह्या गोठ्यातही टाकीन. टाकला नसन तर शपथ काहून घेतली नाही? म्हणजे त्याचं अन् नालबंदाचं काही संगनमत असन. पटाच्या दोन दिवस आधी त्यानं माह्या साळ्याले काढून टाकलं, अन् छकड्यावर दुसरा आणून उभा केला.

पट मी लांबून पाहिला. जवळ जायची सोय नव्हती. आतल्यांनं लंगड्याच्या जागी दुसरा बैल जुपला होता; त्या दोघांची चाल काही जमली नाही, एक ओढे तर दुसरा आडवा. अन् पिवळ्या गोंड्याची जोडी? सुटतांनी बाणासारखी सुटली. मग अर्ध्या पट्टीत बैलांनी कान मागे वळवले. मले इतक्या लांबून दिसलं ते. ती चकचक शोधून राहिले होते ते. नवा धुरकरी पराणी टोचत होता, शिव्या घालत होता, अन् बैल ओळखीच्या आवाजासाठी मान वळवत वळवत हरभऱ्याच्या वावरात शिरले. लोक पळाले, कोणाचं जोडं राहिलं, कोणाची टोपी. पट मारला चांदूर बाजारकडच्या एका जोडीनं. तिचा मालक म्हातारा शेतकरी, आपले बैल आपणच हाकणारा, बिनपगारी. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, दुसरं काय!

अन् ऐका गंमत. इतकी वर्षं जे आतले-बाहेरचे एका विहिरीचं पाणी पीत नव्हते, त्यांचं त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झालं. दोघंही म्हणाले, नालबंद अन् त्याचा साळा चांदूरवाल्याले विकले गेले. मले रागच आला. माह्यावर! मी ज्यानं आपल्या घरच्या माणसाले भर बाजारात ऐरणीपुढं उभं केलं, त्याच्यावर संशय! पटाचे बैल त्यानंतर माह्याकडे आले नाहीत. कापसाच्या गाड्यांचे आले म्हणून चूल पेटत राहिली.

साळा दुसऱ्याच दिवशी कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याकडे गेला. तिकडे रेल्वेचं काम चालू होतं, गाडीवानाले मागणी होती. जातांनी बहिणीले विहिरीवर भेटला. म्हणाला, "ताई, भाऊजीले सांगजो, खिळा म्या टाकला नाई अन् पत्री म्या नेली नाई. हे तुले सांगतो. तुले शपथ लागत नाई म्हनून."

बायकोनं हे मले सांगितलं, एकदाच. पुन्हा विषय काढला नाही. न बोलणाऱ्या बाईपुढं जेवणं काय असते हे ज्याचं त्याले माहीत.

भाऊबीज आली. ज्या बाईले भाऊ नाही ती आमच्याकडे चंद्राले ओवाळते. दिवस बुडाला, बीजेची कोर निघाली, अन् ही तबक घेऊन अंगणात उभी राहिली. मले राहवलं नाही. "अवं, भाऊ जिता हाय ना तुहा."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तुमाले मालूम हाय काय?"

त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. परदेशातली लढाई सरली म्हणे, कापसाचा भाव घसरला, पिवळ्या गोंड्याचा मालक गाव सोडून गेला. आतल्यांचाही जोर उतरला. अन् गुरांच्या बुळकांडीच्या साथीत तो पांढरा बैल मेला.

बैल मेल्यावर आठवड्याभरानं बुढा माह्या छपरीत आला. मी बसही म्हणलो नाही. तो खाली मातीतच बसला अन् फडक्यातून काढून एक वस्तू माह्या ऐरणीवर ठेवली. गंजलेली पत्री. भोकं चार, खिळे तीन.

"म्या नेली," तो म्हणाला. "तू तिसऱ्या पायाले बसला होता तवा निऱ्यात खोसली. बैलाची उतरली पत्री त्याच्याच खुट्याखाली पुरली तं करनी लागत नाई. पन कोनाले सांगतलं तं गुन जाते. म्हनून सांगतलं नाई. आज खुटा उपटला, निंघाली."

मले समजायले वेळ लागला. बैलानं पाय आपटून आपटून माती उकरली, ढिला खिळा वर आला, अन् त्याच्याच खुरात शिरला. ज्याच्या राखणीले पुरली त्यालेच लंगडं केलं.

"अन् खिळा निघाला तेव्हा?" मी ओरडलो. "तेव्हा तुमाले समजलं होतं!"

"समजलं होतं." त्याच्या डोळ्यातून पाणी गळत होतं, तो पुसत नव्हता. "वाटलं, आता बोललो तं उरला गुनई जाईन. पायापुरतं गेलं, जीव तं राहीन. म्हनून चूप बसलो. मालक आजई म्हने चूप बस, लोकं हासतीन. पन बैल तं गेला बाप्पा. आता कोनासाठी चूप बसू?"

मले त्याचा गळा धरावा वाटला. धरला नाही. त्यानं निदान एका मुक्या जिवाच्या मायेनं तोंड बंद ठेवलं होतं. मी कोणाच्या मायेनं उघडलं होतं?

मी पत्री धोतराच्या गाठीत बांधली अन् दुसऱ्या दिवशी एका रिकाम्या गाडीवर बसून अकोल्याचा रस्ता धरला. बडनेरा, मूर्तिजापूर, सारी वाट मी मनात बोलणं घोकत होतो. अकोल्याले स्टेशनापाशी कापसाच्या गाठींचे डोंगर लागले होते, अन् त्याच्यात तो गाड्या लावून घेत होता. पंचवीस गाड्यांचा मुकादम. डोक्यावर पांढरं मुंडासं. थोडा भरला होता अंगानं. मले पाहून दचकला नाही. पहिले पाणी दिलं.

मी गाठ सोडली. बुढ्याची सारी हकिकत सांगितली. तो पत्री उलटीपालटी करून पाहत होता, चौथ्या भोकात बोट फिरवत होता. बुढ्याच्या गुणाचं ऐकून त्याले हसू आलं, जुनं हसू. "बुढाई काय माणूस हाय!" म्हणाला. मले वाटलं, सुटलो.

मग त्यानं विचारलं, "अन् हे सापडली नसती तं?"

"काय?"

"सापडली नसती तं तुमी अकोल्याले आले असते काय, भाऊजी?"

घोकलेलं सारं बोलणं मी विसरलो. एक गाडी रिकामी झाली, दुसरी लागली, तो माह्या तोंडाकडे पाहत राहिला, अन् मी गाठींकडे.

"बरं," तो म्हणाला. "जेवून जा." त्यानं मले जेवू घातलं, अमरावतीकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं. पत्री मात्र आपल्यापाशी ठेवली.

घरी बायकोनं विचारलं, "येते काय?" मी म्हणलो, "कामात हाय."

त्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी अकोल्याचा एक गाडीवान दाराशी आला. गाठोडं दिलं. त्यात बहिणीले हिरवं लुगडं, अन् लुगड्याच्या घडीत ती पत्री. घासून लख्ख केलेली, गंजाचा डाग नाही, अन् चौथ्या भोकात नवा खिळा. गाडीवान म्हणाला, "मुकादमानं सांगतलं, ताईले म्हनाव चौकटीवर ठोक. अन् भाऊजीले म्हनाव, म्या काहीतरी इचारलं होतं, त्याचा जवाब राहिला."

बायको उठली. छपरीत गेली, माहीच हातोडी घेऊन आली, पाटावर चढली अन् पत्री चौकटीवर ठोकली, स्वतःच्या हातानं, चारही खिळे. संध्याकाळी कोर निघाली तेव्हा ती तबक घेऊन अंगणात गेली नाही. उंबऱ्यात उभी राहिली अन् पत्रीले ओवाळलं.

मी तिथंच होतो, जात्यापाशी. मले रडू आलं. "अवं," मी म्हणलो, "त्यानं इचारलं होतं, पत्री सापडली नसती तं मी आलो असतो काय."

"मंग?"

"नसतो गेलो."

तिनं तबक खाली ठेवलं. "मले मालूम हाय. त्यालेई मालूम हाय. तुमच्या तोंडून पायजे होतं."

सकाळी मी दरवाज्यात जाऊन उभा राहिलो. अकोल्याचा गाडीवान बैल जुपत होता. आजूबाजूले बाजार भरत होता, आतले होते, बाहेरचे होते, सारे ओळखीचे. मी पुढं झालो अन् साऱ्यांले ऐकू जाईन असं म्हणलो, "मुकादमाले सांग, भाऊजी म्हनते, नसतो आलो. माही चूक झाली म्हन."

गाडीवानानं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणलो, अन् त्याच्या उजव्या बैलाची एक पत्री ढिली झाली होती, ती ठोकून द्यायले खाली बसलो.